फूल उलटं करून बघ, मनू

मनू, ते ॲस्टर नाही. तुझ्या मोबाइलने छातीठोकपणे सांगितलं असेल, नणंदेने न्यू जर्सीहून "आमच्याकडे जंगलात अगदी असंच असतं" म्हणून फोटोही पाठवला असेल, तरी नाही. पण हिरमुसू नकोस. भिलाईत येऊन तुला अजून वर्षही झालं नाही, आणि तू दल्ली-राजहराच्या रस्त्यावर गाडी थांबवायला लावतेस, ओढणी खोचून झाडाखाली उतरतेस आणि एका बोटभर जांभळ्या फुलापाशी बसून राहतेस, हे आईकडून कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तुझे अहो हसले म्हणे. हसू देत. या गावात ब्लास्ट फर्नेसबद्दल कुणालाही विचार, तासभर बोलतील. क्वार्टरच्या दारातल्या रोपाचं नाव विचारलंस की सगळे एकमेकांकडे बघतात. तुला ती नावं येऊ लागली की हेच अहो पाहुण्यांसमोर तुझं कौतुक सांगतील, लिहून ठेव.

आधी नणंदेच्या फुलाचं बघू. तिने पाठवलाय तो तिकडचा रानातला पांढरा ॲस्टर. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत उगवतो, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतो. दांडा जरासा नागमोडी, खालची पानं हृदयाच्या आकाराची नि करवती कडांची, कडेने मोजक्या पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळं बटण, जे शिळं होईल तसं तांबूस होत जातं. फूल छानच आहे. पण शास्त्राच्या दप्तरात आता तोही ॲस्टर राहिलेला नाही. १९९४ साली गाय नेसम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बहुतेक ॲस्टरांची वाटणी करून टाकली, तेव्हा हा 'युरिबिया' वंशात गेला. गणपतीत हारात ओवतो तो आपला बाजारातला ॲस्टरही निराळाच. 'फुले गणेश पिंक', 'फुले गणेश व्हायलेट' हे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण प्रसिद्ध आहेत ना, ती जात मूळची चीनकडची, 'कॅलिस्टेफस' वंशातली, आणि त्या वंशात ती एकटीच. अस्सल ॲस्टर रानात बघायचे तर हिमालयाचे उतार चढावे लागतील. इथे दुर्ग-भिलाईच्या मैदानात मला तरी आजवर एकही दिसलेला नाही.

मग तुझं फूल कुणाचं? माझ्या मनात एक नाव आहे, पण आत्ता सांगणार नाही. सांगितलं की तू फोटोखाली लिहून मोकळी होशील, आणि पुढच्या फुलाला पुन्हा मला फोन करशील.

त्यापेक्षा बघायचं कसं ते सांगते. फूल दिसलं की आपण वरून बघतो, रंग बघतो, पाकळ्या मोजतो. जास्वंदीला, कण्हेरीला ते चालून जातं. सूर्यफुलाच्या कुळात, म्हणजे ॲस्टर ज्या कुळातला आहे त्यात, ते चालत नाही. इथे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ बारक्या फुलांचा मेळावा असतो. पुस्तकात त्याला स्तबक म्हणतात. मधल्या पिवळ्या बटणातला एकेक ठिपका म्हणजे स्वतंत्र फूल: पाच पाकळ्या जुळून झालेली नळी, आत पाच पुंकेसर, त्यांचे परागकोश एकमेकांना चिकटून आणखी एक नळी, आणि त्या नळीतून पराग वर ढकलत बाहेर येणारा स्त्रीकेसराचा दांडा. ही बिंब-पुष्पकं. आणि कडेची जी 'पाकळी' तू मोजतेस, तेसुद्धा एक आख्खं फूलच, एका बाजूला लांबलेलं; ते किरण-पुष्पक. जगात या कुळाच्या चोवीस हजारांहून जास्त जाती आहेत. रंगावरून त्यात शोधाशोध करायला बसलीस तर जन्म पुरणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट: फूल उलटं कर. तोडू नकोस, नुसतं दोन बोटांत धरून मान वळव. खाली हिरवी, खवल्यांसारखी बारकी पानं दिसतील, त्यांना छदं म्हणतात. ती किती ओळींत आहेत, सारखी लांब आहेत की आतली लांब नि बाहेरची आखूड, टोकं कशी आहेत, हे बघ. काही जातींत ती आपल्या गोंदियाच्या घरावरच्या कवेलूंसारखी एकावर एक चढलेली असतात, काहींत सगळी एका उंचीची, एकाच ओळीत, कडेला कडा लावून उभी. बागेतल्या ॲस्टरची बाहेरची छदं तर चांगली मोठी, खरीखुरी पानंच वाटावीत अशी असतात. मोबाइलला हे काहीच दिसत नाही, कारण आपण त्याला फुलाचं तोंड दाखवतो, मान कधीच दाखवत नाही. त्याचा तरी काय दोष!

दुसरी गोष्ट पानं. वरची नव्हेत, अगदी खालची. देठावर ती समोरासमोर येतात की एक इकडे एक तिकडे? की सगळी बुडाशीच, जमिनीला चिकटून? या एका प्रश्नाने निम्मे संशयित सुटतात. देठ मोडून दूध येतं का तेही बघ. पाथरी, सोंचस ही मंडळी दुधाळ. त्यांच्या स्तबकात बिंब वगैरे भानगड नाही, सगळीच फुलं पट्टीसारखी आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला पाच दाते. एकदांडीच्या कडेच्या पट्टीला मात्र तीन दाते असतात. भिंगाखाली हे दाते एकदा मोजलेस की पुन्हा विसरणार नाहीस.

आणि तिसरी गोष्ट वाळलेलं फूल. ताजं फूल फोटोसाठी, वाळकं ओळखीसाठी. प्रत्येक रोपावर एखादं तरी पिकलेलं स्तबक असतं. ते तळहातावर चुरड. बीच्या डोक्यावर काय आहे? मऊ पांढऱ्या केसांचा झुबका, राठ चार-पाच काटेवजा केस, खवले, की काहीच नाही? पुस्तकवाले त्याला पिच्छ म्हणतात. रंग उन्हापावसात फिका-गडद होतो, पिच्छ बदलत नाही.

आता भिलाईकडे वळू. तुझ्यासारख्या नवख्या माणसाला इथे ॲस्टर वाटतील अशी जांभळी रानफुलं पाच-सहाच आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या एकालाही कडेच्या पाकळ्या नाहीत. खऱ्या ॲस्टरच्या चेहऱ्यात मध्ये पिवळं बिंब आणि कडेने जांभळी किंवा पांढरी किरणं, दोन्ही लागतात. तुझ्या फोटोत मध्ये पिवळं कुठे आहे, सांग बरं? सगळंच जांभळं आहे. मी पहिल्याच नजरेत 'नाही' म्हटलं ते एवढ्यावरून.

सहदेवी तर तुझ्या रिसालीच्या क्वार्टरमागे कपड्यांच्या दोरीखालीच असेल. सडपातळ, उभी, पानं एकाआड एक, वर फांद्या फुटून बारीक बारीक जांभळे झुपके. एका स्तबकात वीसेक नळ्या, खाली टोकदार छदांच्या तीन-चार ओळी, आणि पिकलं की पांढरे रेशमी केस. बाराही महिने कुठे ना कुठे फुललेली सापडते. हिच्यापासून सुरुवात कर, कारण ही कायम हाताशी असते आणि भिंग चालवायचा सराव हिच्यावर होतो.

ओसाडी जरा ओल असलेल्या जागी, गटाराच्या कडेने, बागेच्या भिंतीखाली. फिकट जांभळी ते पांढरी, वरून बघितली तर सहदेवीचीच बहीण वाटते. पण पानं समोरासमोर, रुंद, लवदार, आणि चुरडली की असा वास की तू हात धुवायला पळशील. बीवर केस नाहीत, पाच टोकदार खवले आहेत. पान बघितलंस, वास घेतलास, काम झालं; हिच्यावर जास्त वेळ घालवू नकोस.

सदामंडी नाजूक. गुलाबी-जांभळं, लांबट, नळकांड्यासारखं स्तबक, आणि मघाशी म्हटलं ना, एकाच उंचीची छदं कडेला कडा लावून, ती हिची. वरची पानं देठाला बिलगलेली, खालची मुळ्याच्या पानासारखी कापलेली.

गोरखमुंडी तुला आत्ता दिसायची नाही. धान कापून झालं, बांधीत नुसतं फण उरलं आणि खाली थोडी ओल राहिली की ती येते. छेरछेराच्या सुमाराला, म्हणजे आपल्या शाकंभरी पौर्णिमेला, पाटणच्या बाजूला बांधांवरून चालत जा. गोल गोल जांभळट बोंडं दिसतील. त्यातलं एक बोंड म्हणजे एक स्तबक समजू नकोस, पुष्कळ स्तबकं एकत्र दाटून ते बोंड होतं. देठाला दोन्हीकडून पानांचे पंख उतरलेले असतात आणि सगळ्या झाडाला उग्र सुगंध. इथे शेतकरी मातीला नावांनी ओळखतात: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. भाटा म्हणजे ती लाल, मुरमाड, पाणी न धरणारी. कन्हार काळी, चिकट. तू फुलाच्या नोंदीत मातीचं नाव घालत जा. शेजारच्या गावातली कुठलीही म्हातारी पायाखालची माती बघून तुला सांगेल. तीच तुला "का खोजत हव दीदी?" असंही विचारेल. लाजून "काही नाही" म्हणू नकोस, फूल दाखव. माझ्या निम्म्या ओळखी या एका प्रश्नातून झाल्यात.

मधेच एक सांगायचं राहील म्हणून सांगते. अस्सल ॲस्टरची सख्खी भावकी भिलाईत पाहायची असेल तर जंगलात जायची गरजच नाही. हिवाळा सरता सरता गावतळी आटू लागतात, तेव्हा तळ्याच्या उघड्या पडलेल्या चिखलात माशीपत्री उगवते. जमिनीसरपट, कातरलेली पानं, आणि पिवळ्या गोल गुंड्या. पाकळ्या नाहीत, जांभळा रंग नाही, ॲस्टरसारखं म्हणावं असं वरवर काहीच नाही. पण आतल्या फुलांच्या घडणीवरून ती ॲस्टरच्याच गणगोतात मोडते, आणि तुझी जांभळी सहदेवी मात्र दूरच्या नात्यातली निघते. आपल्या घरात आत्याचा मोठा मुलगा कुणासारखा दिसतो यावर दर लग्नात वाद होतो, तो मला इथे हमखास आठवतो.

आता तुझं फूल. तू ते कुठे पाहिलंस? रस्त्याच्या उन्हात नाही, आत झाडीत, सावलीला. नवरात्रानंतर. हाताच्या पंजाएवढी खरबरीत पानं खाली जमिनीवर सपाट पसरलेली. फोटोच्या कोपऱ्यात एक आलंय, धूसर आहे, पण आहे. मधून एक ताठ दांडा, तो दोन-दोनदा फाटत वर गेलेला. आणि टोकाला तू ज्याला फूल म्हणतेस ते हिरव्या, हृदयाकृती पानांच्या ओंजळीत बसलेलं. एवढ्यावरून माझं मन हस्तिपदाकडे जातं. सांगून टाकलं शेवटी!

हस्तिपद हे आपल्या मध्य भारताच्या जंगलाचं खास सावलीतलं फूल. ते सालवृक्षांखाली बघायचं असेल तर धमतरीकडे सीतानदीच्या जंगलात जाऊ एकदा. सालाच्या उंच खोडांखाली, जिथे गवतही फार वाढत नाही, तिथे याची पानं जमिनीला थापून बसलेली असतात. गुरं चरून जातात, वाटसरू तुडवून जातात, दांडा मोडतो, पानांना फारसं काही होत नाही. पावसाळ्यात नुसती पानंच असतात, म्हणून लोकांचं लक्ष जात नाही. पाऊस ओसरला की दांडा वर येतो.

याची रचना जरा डोकं लावून बघ, कारण इथे मेळाव्याच्या आत आणखी मेळावा आहे. त्या तीन पानांच्या ओंजळीत एक स्तबक नसतं, अनेक असतात, दाटीवाटीने. आणि त्यातल्या प्रत्येक बारीक स्तबकात फुलं किती? बहुधा चार. फक्त चार! सहदेवीच्या विसांसमोर चार. प्रत्येक फुलाची नळी एका बाजूने चिरलेली, त्यामुळे पाचही पाळ्या एकाच बाजूला पसरतात. अशी चार फुलं एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली की वरून बघणाऱ्याला एकच गोल फूल दिसतं, कडेने पाकळ्या असलेलं. तुझा मोबाइल इथेच फसला, आणि मी त्याला फार नावं ठेवणार नाही. फसवणूकच तशी सुरेख आहे. बीवर पाहशील तर मऊ झुबका नाही, बुडाशी रुंद झालेले राठ, ताठ केस, बहुतेक पाच.

पण मी 'मन जातं' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही. तुझ्या फोटोत नीट दिसतं ते फुलाचं तोंडच. चार फुलं मोजता येत नाहीत, तीन पानांपैकी दोनच दिसतात, बी तर नाहीच. वहीत नाव लिहिताना आधी 'बहुधा' लिही आणि पुढे का ते लिही. नुसतं नाव लिहून ठेवलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्यात, पुढच्या वर्षी त्यांचा लिहिणाऱ्यालाच उपयोग होत नाही. कधी कधी वंशापर्यंतच येऊन थांबावं लागतं. थांब. भांबुर्डीच्या वंशातल्या जाती वेगळ्या करताना जाणकारही घाम पुसतात, तिथे तू-मी कोण?

सामानाचं म्हणशील तर दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घे, सोनार वापरतात तसलं. ते डोळ्याला अगदी टेकवायचं आणि फूल जवळ आणायचं. भिंग फुलावर धरून लांबून बघशील तर नुसतं धुकं दिसेल. एक वही, पेन्सिल, छोटी पट्टी. शाईचं पेन नको, दवाने सगळं ओघळतं. फोटो काढताना आधी थोडं लांब उभी राहून सगळं रोप त्याच्या जागेसकट, मग खालची पानं दोन्ही बाजूंनी, देठाचा सांधा, मग फूल बाजूने, मग उलटं करून, आणि पट्टी शेजारी ठेवून एक. तोंडाचा फोटो शेवटी, हौसेसाठी. घरी आणायला एखादं स्तबक पुरतं. ते ब्लेडने उभं चिरून पांढऱ्या कागदावर ठेव. आतल्या बैठकीवर फुलाफुलांच्या मध्ये पातळ खवले असतील तर एकदांडीच्या किंवा माक्याच्या बाजूने विचार कर, नसतील तर सहदेवी-ओसाडीच्या. अभयारण्यात मात्र एक पानसुद्धा तोडायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. आणि कारखान्याच्या भिंतीपाशी कितीही सुंदर काही उगवलेलं दिसलं तरी कॅमेरा बाहेर काढू नकोस. पहाऱ्यावरच्या जवानाला तू सहदेवीची छदं मोजत होतीस हे समजावणं फार अवघड जाईल, आणि अहोंच्या कानावर गेलं तर मग हसणं राहील बाजूला.

एका गोष्टीत मी कडक आहे. गाजर गवताला हात लावायचा नाही. पांढरे बारके ठिपके, कातरलेली पानं, मैदान मिळालं की पसरतं. भिंगाखाली बघशील तर कडेला नेमकी पाच इवलीशी किरणं असतात, म्हणून ठिपका पाचकोनी दिसतो. ते खाली वाकून, हात पाठीमागे धरून बघ. हे मूळचं उष्ण अमेरिकेतलं, आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि मग देशभर झालं. अंगावर चट्टे, खाज, शिंका, दमा, काय काय होतं त्याने. एकदा अंगाला बाधायला लागलं की पुढे जवळून गेलं तरी त्रास होतो. अंगणात उगवलं तर फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला त्याचा जागृती सप्ताह करतं, तेव्हा आजूबाजूच्या बायकांना जमव. पानांवर पिवळसर पाठीवर काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर ते मारू नकोस. ते मेक्सिकोतून मुद्दाम आणलेत, याच गवताची पानं खायला. आपली एकदांडी नि ओसाडीसुद्धा तिकडचीच. रशियाच्या मदतीने १९५९ ला इथली पहिली भट्टी पेटली, आणि क्वार्टरच्या कुंपणाला तण मात्र अमेरिकेचं. काय म्हणावं!

आणि हे जरा हळू सांगते, तुझ्या सासूबाईंसमोर वाचू नकोस. तुला फुलं ओळखता येतात असं एकदा पसरलं की लोक औषधं विचारायला लागतात. सहदेवी उशाशी ठेवली तर ताप उतरतो का, गोरखमुंडीचा काढा कशावर, हस्तिपदाचं मूळ कशात उगाळायचं. "मला नाव ठाऊक आहे, गुण वैद्यांना विचारा," एवढंच म्हणायचं, हसून, पण ठाम. सदामंडी आणि ओसाडी यांच्यात यकृताला इजा करणारी द्रव्यं असतात, हे सिद्ध झालेलं आहे; आणि चार पावलांवर त्यांच्यासारखीच दिसणारी दुसरी रोपं उभी असतात. तुझ्या ओळखीवर विसंबून कुणी काही उकळून प्यायलं, तर तो भार तुला झेपायचा नाही. सासूबाईंना नाराज करायचं नसेल तर त्यांना सोबत ने फिरायला. खरंच. त्या बालोदच्या बाजूच्या खेड्यात वाढल्यात, त्यांना तुझ्यापेक्षा चौपट झाडं ठाऊक असतील, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसेल. त्यांनी सांगितलेलं नाव वहीत वेगळ्या रकान्यात लिही. एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असतं, म्हणून ते पुराव्याला धरायचं नाही, पण सोडायचंही नाही.

पुस्तकांचं विचारलं होतंस. श्रीकांत इंगळहळीकरांचं सह्याद्रीच्या फुलांवरचं पुस्तक तू पुण्याहून मागवणार होतीस. मागव, डोळा तयार होतो. पण ते घेऊन इथे सोनकी शोधत फिरू नकोस, ती पश्चिम घाटाची. इथल्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढलेले 'फ्लोरा ऑफ मध्य प्रदेश'चे खंड बघावे लागतात. छत्तीसगढ २००० साली वेगळं झालं, त्याआधीचं काम त्याच नावाखाली आहे, त्यामुळे 'छत्तीसगढ' शोधत बसलीस तर हाती लागणार नाही. आणि फक्त या कुळापुरतं म्हणशील तर 'फ्लोरा ऑफ इंडिया'चे १९९५ चे बारावा आणि तेरावा हे दोन खंडच्या दोन खंड याच कुळाला दिलेत. चित्रं कमी, भाषा रुक्ष; पहिल्या दिवशी झोप येईल. हातात रोप आणि समोर पान, असंच वाचायचं, नुसतं वाचायला घेऊ नकोस. जुन्या खंडांत सहदेवी 'व्हर्नोनिया'खाली सापडेल, नव्या याद्यांत 'सायँथिलियम'खाली. दोन्ही लिहून ठेव म्हणजे गोंधळ होणार नाही.

दिवाळीआधी तुम्ही पुन्हा दल्लीला जाणार आहात ना, अहोंच्या खाणीतल्या मित्राकडे? मग त्याच जागी पाच मिनिटं उतर. तीन हिरवी पानं आहेत का, एका स्तबकात चारच फुलं आहेत का, वाळलेल्या बीवर पाच राठ केस आहेत का, आणि खालचं पान कसं आहे, एवढं बघून ये. चारऐवजी पंधरा निघाली तर माझं नाव रद्द, आपण पुन्हा पहिल्यापासून बसू. फोन दुपारी करू नकोस मात्र, या आठवड्यात यांची नाइट आहे, दिवसा झोपलेले असतात. संध्याकाळी सहानंतर कर.